मेंबरसाहेबांचा मंगळवारचा पोळा

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारे लोक बहुधा पेन्शनीत निघालेले असतात. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्गात आहे आणि माझी नोकरी एकूण चार अधिवेशनांची. तेव्हा मी लिहावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. संपादकांनी सांगितलं, "असेंब्लीच्या मेंबराजवळ काय काम असतं, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. तेवढं लिहा." तेवढंच लिहितो. त्यात माझी एक चूक आहे, तीही लिहितो, कारण तिच्यावाचून या नोकरीचं काही सांगता येत नाही.

आमचं घर पिंपळगाव राजाचं. वडिलांचा मळा आहे. वांगी, मिरची, थोडी कपाशी. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नागपूरला वसतिगृहात राहत होतो. एके दिवशी खाणावळीच्या दारात एक उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. डोक्याला तांबडा रुमाल, अंगात जाड सदरा, पायात कातडी जोडे. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "वऱ्हाडातलं कोनी हाये काय अठी?"

आम्ही तिघे उठलो. ते आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातून निवडून आलेले मेंबर होते. सारे त्यांना आबासाहेब म्हणतात. गाव अमडापूरपासून तीन कोसांवर. त्यांना इंग्रजी लिहिणारा लेखनिक हवा होता. मला वाटलं, आता भाषांतर विचारतील. त्यांनी विचारलं, "कपाशीले डवरा किती येळा फिरवा लागते?"

बाकीच्या दोघांनी कोळपण्यांचे आकडे सांगितले. मी भीतभीत म्हणालो, "पाऊस पाहून."

"हे पोरगं ठेवतो," आबा खाणावळवाल्याला म्हणाले, जणू मी त्याचाच होतो. "इंग्रजी चुकलं तं कोनीबी सुधारते. कपाशी चुकली तं कोन सुधारते?"

शेतीची माहिती म्हणून मला ही नोकरी मिळाली, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे त्याच विषयात मी नापास झालो.

काम सकाळी सातला सुरू व्हायचं. मेंबरांना राहायला दिलेल्या खोलीत आबा जमिनीवर बसत आणि मी खुर्चीवर. खुर्ची त्यांना आवडत नसे. आधी टपाल. लोकांना वाटतं मेंबराकडे मोठमोठ्या राजकारणाची पत्रं येतात. आमच्याकडे एकानं लिहिलं होतं की बायको माहेरून येत नाही, तरी सरकारतर्फे हुकूम काढावा. एकानं पटवाऱ्याची तक्रार केली होती आणि पत्र त्याच पटवाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे असा आबांचा नियम होता. माहेरी बसलेल्या बाईच्या नवऱ्याला त्यांनी उत्तर दिलं, "हुकूम निघत नाही. स्वतः जा. जाताना मारल्याबद्दल माफी माग." पत्रात मारल्याचं काही नव्हतं. पण महिन्यानं त्याचं दुसरं पत्र आलं की मंडळी घरी आली, आणि मेंबरसाहेबांना कसं कळलं?

माणसंही येत. डोणगावचे एक म्हातारे मिरच्यांचं पोतं घेऊन थेट नागपूरला आले. काम काही नव्हतं. कायदा कुठे करतात ते पाहायचं होतं. मी त्यांना पास काढून वर गॅलरीत बसवलं. तासभर त्यांनी ऐकलं आणि मला कोपरानं ढोसून विचारलं, "हे सारे एकाच्या मांगं एक बोलून राह्यले. भांडन कवा होईन?" मी म्हणालो, असंच असतं. ते म्हणाले, "मंग आमच्या गावची पंचायत बरी."

टपालानंतर प्रश्न. मेंबराला सरकारला प्रश्न विचारता येतो, पण त्याची भाषा ठरलेली असते. आबा सांगायचे, "लिही, नाल्यावरच्या पुलाचा इंजिनेर मेला का झोपला?" मी लिहायचो की अमुक नाल्यावरील पुलाचं काम दोन वर्षं थांबलं आहे, हे सरकारला माहीत आहे काय, आणि असल्यास ते कधी पूर्ण होईल? मी ते मराठीत वाचून दाखवलं की आबा कपाळाला हात लावत. "येवढं गोड बोलून कोनी पूल बांधते काय, नारायणा?"

मोठं काम ठरावाचं. साध्या मेंबराला ठराव मांडायचा असला तर आधी नोटीस द्यावी लागते. अशा पुष्कळ नोटिसा येतात आणि दिवस थोडे असतात, म्हणून चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव आधी निघेल त्याचा ठराव आधी. नाव खाली गेलं तर त्या अधिवेशनात पाळीच येत नाही. आबांचा एकच ठराव तीन अधिवेशनं असाच राहून गेला होता. अमडापूरला गुरांचा दवाखाना उघडावा, एवढाच तो ठराव.

त्यामागे हौश्या होता. हौश्या त्यांचा बैल. पावसाळ्यात त्याला घटसर्प झाला, गळा सुजला. डॉक्टर चिखलीला. नाल्याला पूर. आबांनी बैलाला गाडीत घातलं आणि पूर उतरायची वाट पाहत काठावर बसले. पूर दुपारी उतरला. हौश्या सकाळीच गेला होता. ही हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते.

चौथ्या खेपेला चिठ्ठीत आबांचं नाव पहिलं निघालं. मी कचेरीतून धावतच खोलीवर आलो. दिवस मिळाला होता मंगळवार. पोळ्याचा आठवडा. आबांनी पहिला प्रश्न विचारला, "पोया कवा हाये?"

मी खोलीतल्या भिंतीवरचं सरकारी कॅलेंडर पाहिलं. सोमवारी लाल शाईत सुट्टी होती. "सोमवारी," मी सांगितलं.

सारं जुळत होतं. शनिवारी संध्याकाळी निघायचं, सोमवारी दिवस मावळेपर्यंत पोळा करायचा, रातोरात खामगावला येऊन गाडी धरायची आणि मंगळवारी सकाळी असेंब्लीत. धावपळ होती, पण होण्यासारखी. आबांनी नवी झूल, गोंडे आणि शिंगांना लावायला बेगड विकत आणलं. झूल खुर्चीवर पसरून ठेवली. खुर्चीचा त्यांनी केलेला उपयोग मी एवढाच पाहिला.

शनिवारी दुपारी काकूंचं, म्हणजे आबांच्या बायकोचं, पत्र आलं. गावच्या मास्तरांनी लिहिलेलं. सगळं क्षेम. अमावस्या दोन दिवसांत विभागली आहे, जोशीबुवांनी मंगळवारचा पोळा सांगितला आहे, तरी सोमवारच्या खांदेमळणीपर्यंत यावं.

मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आबांनी ते माझ्या हातून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं.

"गावच्या जोशाले इचारलं होतं काय तू?"

"नाही. कॅलेंडर पाहिलं."

"तुह्या घरी कॅलेंडर पाहून पोया करतेत?"

आमच्या घरी कॅलेंडरच नाही. माझी आई जोशांच्या दारात जाऊन विचारून येते. लहानपणापासून मी हे पाहिलं आहे. पण दोन वर्षं शहरात राहून लाल शाईचा दिवस मला खरा वाटू लागला होता.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून वेशीजवळ आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली आणतात. सगळ्यात पुढे मानाची जोडी. ती तोरणाखालून गेली की पोळा फुटतो, मग बाकीच्या जोड्या सुटतात. आबांच्या गावात हा मान त्यांच्या घराचा. जोडी घरच्या पुरुषानं धरायची असा रिवाज. आबांना दोन मुली, दोन्ही सासरी. आबा नसले तर मान चुलत घराकडे जायचा, आणि तिथं संपतराव होते. संपतराव म्हणजे आबांचे चुलत भाऊ आणि निवडणुकीत त्यांच्या विरुद्ध उभे राहिलेले उमेदवार. हरल्यापासून दोघं बोलत नव्हते. एकदा गेलेला मान परत आणायचा म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची भांडणं.

आणि ठराव मांडणारा हजर नसला तर ठराव बुडतो. पुन्हा नोटीस, पुन्हा चिठ्ठी.

मी घाबरत सुचवलं की लेखी परवानगी दिली तर दुसऱ्या मेंबराला ठराव मांडता येतो, तसा नियम आहे.

आबा बराच वेळ झुलीची कड चाचपत बसले. "दुसऱ्यानं सांगतला तं हौश्या एक बैल होईन," ते म्हणाले. "मी सांगतला तं थो हौश्या राहीन." मग थोड्या वेळानं, "बैलाले मान पाह्यजे का डाक्टर, हे त्याले इचारता आलं असतं तं बरं झालं असतं."

त्यांनी झूल आणि गोंडे बांधून माझ्यापुढे ठेवले. "तू जाय. काकूले सांग, आबा तारीख इसरला."

"पण आबा, चूक माझी..."

"तू लेखनिक हायेस. मेंबर मी हावो. जाय."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्याची लाज मला गाडीत बसल्यावर वाटली.

रविवारी रात्रीच्या गाडीनं निघून सोमवारी दुपारी मी गावात पोचलो. जलंबला गाडी बदलून खामगाव, तिथून मोटार, आणि पुढे चिखलातून पायी. काकूंना निरोप सांगितला. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. "इसरले?" त्या म्हणाल्या. "लेकीचं लगन इसरतीन, पन पोया?"

संध्याकाळी त्यांनी तूप-हळदीची वाटी माझ्या हातात दिली. घरात पुरुष नाही, तेव्हा खांदेमळणी मीच करायची. हरण्या आणि सरदार, दोन्ही पांढरे, नुकते धुतलेले. वर्षभर जू वाहून टणक झालेल्या खांद्यांना मी पळसाच्या पानानं तूप चोळलं. मग काकूंनी बैलांना बोलावणं केलं, जसं आमच्या घरी आई करते: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तिसऱ्या, मोकळ्या खुंट्यापाशीही त्या तेच म्हणाल्या.

"हौश्याचा खुंटा," त्या म्हणाल्या. "संपतभाऊजीच्या गाईचा गोऱ्हा होता थो. भांडन नोतं तवा त्यायनंच देल्ला होता, हातानं बांधून गेले होते अठी."

मंगळवारी चार वाजता सारं गाव वेशीत जमलं. पावसानं उघडीप दिली होती. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. आबांची जोडी घरचा सालदार, म्हणजे सालभरासाठी ठेवलेला गडी, गंगाराम घेऊन आला आणि रिवाजाप्रमाणे एका बाजूला उभा राहिला; तोरणाखाली नेणं त्याच्या हातात नव्हतं. समोर संपतराव आपली जोडी धरून होते. आबांच्याच उंचीचे, तसाच तांबडा रुमाल. माझी नजर सारखी त्यांच्या हातातल्या कासऱ्याकडे जात होती.

पोळा फुटण्याआधी झडत्या होतात. झडती म्हणजे मोठ्यानं म्हटलेलं टोमण्याचं गाणं, आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. ज्याच्यावर झडती होईल त्यानं हसून घ्यायची. संपतराव पुढे आले, कानावर हात ठेवला आणि सुरू झाले:

"बैल बांधले गोठ्यात, धनी बसला खुर्चीत,
गावचा पोया ठेवून आला नागपूरच्या गर्दीत!
मेंबर झाला मोठा, त्याले काय गावाची चाड,
तोरन पाहे वाट, अन त्यानं लावलं कवाड!
एक नमन..."

गाव हसलं. गजर झाला. पण हसू थांबल्यावर माझ्याजवळचे एक म्हातारे हळूच म्हणाले, "खरंच बदलला आबा. पोया इसरला म्हन्ते." दुसऱ्यानं मान हलवली. तिसरा म्हणाला, "पुढच्या खेपेले पाहू मंग."

मेंबराकडे दोन अधिवेशनं काम करून मी एवढं शिकलो होतो की माणूस निवडणुकीत असाच पडतो, अशा तीन वाक्यांनी. मी कधी दहा माणसांपुढे बोललो नव्हतो. कॉलेजच्या वादसभेत मी मागच्या बाकावर बसतो. कसा पुढे गेलो ते मला आठवत नाही. तोरणाखाली उभा राहून मी म्हणालो, "आबा विसरले नाहीत. चूक माझी आहे. मी त्यांना सोमवार सांगितला. आज ते तिथं हौश्याचा ठराव मांडत आहेत. अमडापूरला गुरांचा डॉक्टर यावा म्हणून. तो ठराव आजच होता."

संपतराव माझ्याजवळ आले.

"कोनाचा तू?"

"पिंपळगाव राजाचा. मळेवाल्यांचा."

"घरी बैल हायेत?"

"आहेत. मोटेचे."

"अन तुले पोया कवा हाये हे कोनं सांगतलं?"

"सरकारी कॅलेंडरनं."

गाव जेवढं हसलं तेवढं आबांवरच्या झडतीलाही हसलं नव्हतं. बाया डोळे पुसू लागल्या. जोशीबुवांनी तर मला जवळ बोलावून निरखून पाहिलं. संपतराव मात्र हसत नव्हते. "काऊन बे, हौश्याचं नाव घेनार हाये काय थो तठी? साहेब लोकांपुढं?"

"हो. नाव घेऊनच सांगणार आहेत. म्हणून तर दुसऱ्याला सांगू दिलं नाही."

संपतराव मागे वळले. आपल्या जोडीचा कासरा त्यांनी धाकट्या भावाच्या हातात दिला. "तू मांगून ये." मग गंगारामजवळ गेले, हरण्या-सरदारचा कासरा घेतला आणि दोघांच्या कपाळावरून हात फिरवला. कोणीतरी म्हणालं, "दादा, थे जोडी आबाची हाये."

"मले दिसते ना," संपतराव म्हणाले. "मान घराचा हाये. आमचं घर इलेक्शनीत दोन झालं. तोरनाखाली कवा झालं?"

आणि ते आबांची जोडी घेऊन तोरणाखालून गेले. पोळा फुटला. धूळ नव्हती, चिखलच होता, तो सगळ्यांच्या धोतरांवर उडाला. काकूंनी दारात बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली आणि संपतरावांपुढे ताट केलं. ते ओसरीवरच जेवले, आत गेले नाहीत. निघताना मला म्हणाले, "आबाले सांगजो, मत मी त्याले देनार नाई."

आबा बुधवारी दुपारी आले. जोडे हातात, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. दारातूनच विचारलं, "कोनं नेली?" मी सगळं सांगितलं, मी काय बोललो तेही. निरोपही जसाच्या तसा दिला. ते खुंट्यापाशी बसले, रुमाल काढला आणि तोंड पुसलं. बरंच पुसलं.

"अन ठराव?" मी विचारलं.

"मांडला. मराठीतच बोललो. तुहं इंग्रजी भाषन खिशातच राह्यलं." मंत्र्यांनी उत्तर दिलं होतं की दवाखान्याला यंदा तजवीज नाही, पण महिन्यातून दोन बाजारांना चिखलीचा डॉक्टर अमडापूरला पाठवण्याची व्यवस्था करू, सभासदांनी ठराव मागे घ्यावा. बहुतेक ठरावांचा शेवट असाच होतो. आश्वासन मिळतं, मेंबर आभार मानतो, ठराव मागे जातो. आबांनी मागे घेतला. आभार मानायचे मात्र ते खरोखरच विसरले.

दवाखाना अजून झालेला नाही. डॉक्टर पुढच्या पावसाळ्यापासून येऊ लागला. कधी एका बाजाराला येतो, कधी दोन्ही. मी तयार केलेलं भाषण कोणी ऐकलं नाही आणि आबांनी केलेलं मी ऐकलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे. आता अधिवेशनाच्या तारखा लागल्या की माझं पहिलं पत्र जोशीबुवांना जातं. उत्तराच्या शेवटी ते दरवेळी विचारतात, सरकारचं काय म्हणणं आहे?

असेंब्लीतली भाषणं पुढे छापून येतात. ते पुस्तक त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास आलं. आबांनी मला ते घेऊन गावी बोलावलं आणि चावडीवर वाचायला लावलं. भाषण मराठीतच छापलं होतं. पुराचं, गाडीचं, काठावर बसल्याचं, सगळं. संपतराव कोपऱ्यात, आबांकडे पाठ करून बसले होते. दोघं अजून बोलत नव्हते. वाचून झाल्यावर संपतराव माझ्याजवळ आले.

"कुठं हाये नाव? दाखव."

त्यांना वाचता येत नाही. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. हौश्या. त्यांनी बोट तिथंच ठेवलं, थोडं दाबून, बैलाच्या कपाळावर ठेवावं तसं.

"बैलाचं नाव छापलं," ते भिंतीकडे पाहत मोठ्यानं म्हणाले. "अन ज्यानं बैल देल्ला त्याचं?"

आबाही भिंतीकडेच पाहत होते. "पुढच्या खेपेले इरोधात उभा राह्य," ते म्हणाले, "अन निवडून ये. मंग छापतीन."

निवडणुकीनंतर दोघं एकमेकांशी बोलले ते हे पहिल्यांदाच. चावडी हसली. संपतराव हसू दाबत बाहेर जोडे शोधायला गेले आणि घाईत आबांचेच घालून निघाले. आबांनी ते पाहिलं, पण हाक मारली नाही. संपतरावांचे जोडे आपल्या पायात सरकवले आणि मला म्हणाले, "चाल नारायणा, टपाल राह्यलं हाये."